बरसीमची चक्री

बाबा,

तुम्ही आणि मी मागच्या ओटीवर बसून मोडाचे वाल सोलत होतो. दुपार कलली होती, कारण बावखलाच्या तळ्यावर डुंबायला गेलेल्या म्हशी परत यायची वेळ झाली होती आणि आई दोनदा दारात येऊन वाटेकडे बघून गेली होती. परात आपल्या दोघांच्या मध्ये. तुम्ही डाव्या हाताने सोलत होता. अंगठ्याने वाल दाबला की डाळिंबी सुटायची ती कधी परातीत, कधी माझ्या परकरावर आणि एकदा तर थेट अंगणातल्या तुळशीपर्यंत. मी हसले की तुम्ही मुद्दाम आणखी जोरात उडवायचे. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, पाहुण्यासारखा. श्रावणात विहिरीच्या पायरीवरून तुमचा पाय घसरला, खांदा निखळला, हाडवैद्याने तो बसवला पण वाकडा बसला, आणि तेव्हापासून त्या हाताचं कोपर अंगापासून बाहेर जातच नव्हतं. त्या दिवशी तुम्ही मधेच सोलायचे थांबलात, डाव्या हाताने सदऱ्याच्या उजव्या खिशातून महाप्रयासाने चार घड्यांचा एक कागद काढलात आणि म्हणालात, "बाय, तू इंग्रजी वाचतंस ना? मग हे वाच."

आज हे आठवायला कारण झालं. सकाळी भाचीचा फोन आला. तुमच्या धाकट्या मुलाची मुलगी. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. नाक तुमचं आहे आणि हट्टही. चांगली नोकरी सोडून तिने वाडीत तीन गाई बांधल्यात. मला म्हणते, "आत्या, गाईंच्या चाऱ्याला कुरणात बरसीम टाकायचं म्हणतेय. बी पसरायला स्प्रेडर कोणता घेऊ? फोनवर वीस दिसतायत, डोकं फिरलंय माझं." माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी खाली ठेवला. बरसीम! आपल्या कुरणात! तिला म्हटलं, "संध्याकाळी सांगते," आणि दुखऱ्या गुडघ्यांनी माळ्यावर चढून आपली बी पेरायची चक्री खाली काढली. आत्ता ती माझ्यासमोर टेबलावर आहे. पिशवीचा एक कोपरा उंदरांनी खाल्लाय, पत्र्यावर गंज आलाय, पण हँडल फिरवलं की खालची ताटली अजून गरगर फिरते. मी फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. या वयात एकटीनेच टेबलाशी उभी राहून हसत होते. मग वाटलं, तिला सांगायच्या आधी तुम्हाला सांगावं.

तुमचा हात गेला म्हणजे काय गेलं हे मला त्या वयात पुरतं कळलं नव्हतं. एवढं ठाऊक होतं की भाताचा राब पेरायचा असला की नायगावच्या खाडीकडची माणसंसुद्धा पहिली मूठ टाकायला तुम्हाला बोलवायची. तुम्ही चपला बांधावर काढायचे, टोपलीतून मूठ भरायचे आणि कमरेपासून हात असा सोडायचे की बी पंख्यासारखं उघडत जायचं. लोक म्हणायचे, तुमच्या पेरणीत मुंगीलासुद्धा दोन दाणे जवळ सापडायचे नाहीत. मी लहानपणी बांधावर बसून ते बघायचे. तुम्ही मला कधी शिकवलं नाहीत. शिकवण्यासारखं ते आहे असं तुम्हालाही वाटलं नसेल, आणि पेरणीची मूठ बाईने टाकायची नाही हे तर आपल्याकडे ठरलेलंच होतं. लावणीला वाकायचं ते बायकांनी, पेरायचं ते पुरुषाने.

आणि नेमकं त्याच वर्षी कुरणाचा प्रश्न उभा राहिला. माझं मॅट्रिकचं वर्ष, म्हणजे त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर असेल. खाडीच्या बांधाला लागून आपलं दीड एकराचं कुरण, त्यात भात जेमतेम व्हायचं म्हणून ते गवताला सोडलेलं. घराचा कारभार मोठ्या काकांकडे, आणि मोठ्या काकांकडे वीटभट्टीवाला खेपा घालत होता. त्याला वरची हातभर माती हवी होती. तुम्ही म्हणत होता, माती गेली की खालचं खारं वर येईल आणि मग तिथं गवताची काडी दिसणार नाही. दिवाळीच्या पाडव्याला जेवणं झाल्यावर तुमची दोघांची बोलाचाली झाली ती मी स्वयंपाकघरातून ऐकली.

"दिवाळी सरली की तिथं पिवळ्या गवताशिवाय काय असतं?" काका म्हणाले. "म्हशी पेंढ्यावर येतात, दूध आटतं. कुरन काय पूजेला ठेवायचं?"

"पंचायत समितीचे साहेब बरसीमचं बी देतायत. गवत कापून खुंटांत टाकायचं, वर बावखलाचं गोडं पानी द्यायचं. होळीपरेन हिरवं राहतं म्हनतात."

"आनि टाकनार कोन?"

 आई माझ्याकडे बघत होती, मी आईकडे. मग काकांचाच आवाज आला, जरा खाली आलेला. "हे बघ, संक्रांतीला मी कुरनात येतो. कुरन हिरवं दिसलं तर भट्टीवाल्याला परत पाठवीन. नाय दिसलं तर माती द्यायची. मग तू तोंड पाडायचं नाय."

म्हणून तो चार घड्यांचा कागद. मुंबईतल्या शेती-अवजारांच्या कुठल्याशा दुकानाचं ते माहितीपत्रक होतं, साहेबांनी तुम्हाला दिलेलं. त्यात बी पसरायच्या तीन यंत्रांची चित्रं होती. बाबा, मी आजवर बरीच पुस्तकं वाचली, पण त्या एका कागदाने जी झिंग आणली ती फार थोड्यांनी आणली. एक होता बैलांमागे ओढायचा लांबट डबा, त्याच्या तळाला ओळीने भोकं. दुसरं दोन चाकांचं, मुठी धरून ढकलायचं. तिसरी गळ्यात अडकवायची पिशवी, तिच्याखाली पत्र्याची गोल ताटली आणि बाजूला फिरवायचं हँडल. मी तिन्हींची चित्रं वहीत काढली, शब्दकोश घेऊन एकेक ओळ मराठीत लिहिली आणि तुम्हाला वाचून दाखवली. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. शेवटी म्हणालात, "तूच ठरव. तुला कळतं ते." मी त्या रात्री जेवले की नाही तेही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी सिस्टरांकडे गेले. त्या आम्हाला विज्ञान शिकवायच्या आणि कॉन्व्हेंटच्या मागच्या आवारातली गायही त्याच सांभाळायच्या, त्यामुळे चाऱ्याचं त्यांना काही सांगावं लागलं नाही. बरसीम म्हणजे तीन-तीन पानांचं क्लोव्हरच, असं त्या म्हणाल्या, आणि दूरदेशीच्या कुणा संताने त्याची तीन पानं दाखवून लोकांना एकाच देवाची तीन रूपं कशी समजावली ती गोष्ट सांगितली. गोष्ट संपल्यावर चष्मा पुसत त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. बी केवढं? जमीन कशी? आणि यंत्र घेऊन चालणार कोण? मी वहीत लिहून घेतलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधायला मला आठ दिवस लागले आणि तिसऱ्याचं मी तिथल्या तिथे देऊन टाकलं. "माझे वडील, सिस्टर."

ते आठ दिवस! बी मी साहेबांच्या पिशवीतून चिमूटभर आणून मोहरीशेजारी ठेवलं. मोहरीहूनही बारीक, पिवळसर. बैलाच्या डब्याची भोकं त्याच्यासाठी फार मोठी, शिवाय आपल्या कुरणात इतके आडवेतिडवे पाट की बैल वळवायलाच जागा नाही. तो डबा बाद. राहिली दोन चाकं. चित्रात ती फार रुबाबदार दिसत होती आणि माझं मन तिच्यावरच होतं. तुम्ही म्हणालात, "घालून बघ." मग मी वाडीतली केळीचे घड वाहायची हातगाडी घेतली आणि ती कुरणात घातली. वीस पावलं गेली असेन. चाकं आधी गवताच्या खुंटांत अडकली, मग खाडीकडच्या मऊ जागेत आसापर्यंत रुतली. मी ढकलतेय, परकर चिखलात, आणि बांधापलीकडचे काका, ज्यांचं शेत आपल्या कुरणाला लागून होतं, ते विळा खांद्याला लावून मजा बघतायत.

"काय गो, गाडी पेरतंस काय? उगवली तर मला पन एक दे!"

तुम्ही बांधावर बसून हसत होता. तुमचं ते हसणं मी श्रावणानंतर पहिल्यांदा ऐकलं. गाडी आपण दोघांनी मिळून बाहेर काढली, तुम्ही पाठीने रेटा दिलात. घरी येऊन मी वहीत दोन चाकांवर काट मारली. गळ्यातली पिशवी ठरली. मी सिस्टरांच्या मदतीने इंग्रजीत पत्र लिहिलं, खाली तुम्ही सही केलीत, डाव्या हाताने, आणि ती सही आपल्याच घरातल्या कुणा लहान मुलाने केल्यासारखी दिसत होती.

पार्सल आलं तेव्हा अर्धी आळी अंगणात होती. गोणपाट सोडलं, आतून ती निघाली. हिरवा पत्रा, पांढरी जाड कापडी पिशवी, आणि बी किती पडायचं ते ठरवायला सरकवायची एक छोटी पट्टी, तिच्यावर आकडे. तुम्ही तिच्यावरून हात फिरवत होता, नव्या पाड्याच्या पाठीवरून फिरवतात तसा. आईने परीक्षेसाठी वाटीभर मोहरी दिली. पट्टा तुमच्या गळ्यात घातला. तुम्ही डाव्या हाताने पिशवी सावरलीत, उजवा हात हँडलवर ठेवलात आणि फिरवायला गेलात.

मी फक्त उंचीचा विचार केला होता. हँडल पोटाशी आहे, हात वर करायचा नाही, म्हणजे जमेल. पण फिरवायचं म्हणजे कोपर बाहेर काढावं लागतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अर्ध्या फेऱ्यात तुमच्या तोंडावरचा रंग गेला. तुम्ही ओठ दाबून आणखी एकदा प्रयत्न केलात. मग डावा हात आडवा घालून फिरवायला लागलात तर ताटली उलटी फिरली आणि सगळी मोहरी तुमच्याच छातीवर, मिशीत, टोपीत. लोक हसले. तुम्हीही हसलात, शेवटी. आई मोहरी झटकत म्हणाली, "आता फोडनीत बसवा ह्यांना." संध्याकाळी गोठ्यात दूध काढताना मी चरवी धरून उभी होते, तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "यंत्र चांगलं पायलंस, बाय. मला नाय पायलंस."

एवढंच. आवाज चढला नव्हता. पुढे आयुष्यात मी शिक्षिका झाले, पुष्कळ रागावले आणि पुष्कळ ऐकून घेतलं, पण त्या दोन वाक्यांइतकं दुसऱ्या कुणाचं बोलणं मला लागलं नाही. मी म्हटलं, "मी फिरवते, बाबा. तुम्ही पुढे चाला, मी मागून येते." तुम्ही म्हशीच्या पाठीवर थाप मारलीत. म्हणजे हो. तुमचं हो असंच असायचं.

मोठ्या काकांना कळलं तेव्हा ते अंगणातूनच ओरडले, "पेरनीची मूठ पोरीच्या हाती? हे कंदी झालंय आपल्यात?"

"मूठ कुठाय, दादा?" तुम्ही शांतपणे म्हणालात. "हँडल आहे ते."

 बांधापलीकडचे काका, ते नेमके तेव्हा तंबाखू मागायला आले होते, हसून हसून कुडावर टेकले.

मग आपली तयारी. सिस्टरांनी सांगितलं होतं, आधी कापड पसरून बघ. मी तुमचं पांढरं धोतर अंगणात अंथरलं, चार कोपऱ्यांवर दगड. तुम्ही बाजूने चालायचं, मी मागून चक्री फिरवायची, मग दोघांनी गुडघ्यांवर बसून वीतभर जागेत किती दाणे पडले ते मोजायचं. पट्टी एक खूण पुढे, एक खूण मागे. "जरा भरभर फिरव." "आता फार झालं." एका पावलाला एक फेरा, हा मेळ बसला तेव्हा धोतरावर बी असं पडलं की तुम्ही वीत टेकवून पुन्हा मोजलंत. मग म्हणालात, "माझ्याहून बरं पडतंय गो." त्या वाक्यात किती आनंद होता आणि किती दुसरं काही, हे आता तुमच्या वयाची होऊन गेल्यावर मला कळतं. तेव्हा मी फक्त उड्या मारल्या होत्या.

आणि आईचे लाडू आठवतात? साहेबांनी बियांबरोबर काळ्या भुकटीचं एक पाकीट दिलं होतं. ती भुकटी गुळाच्या पाण्यात कालवून बियांना चोळायची म्हणजे मुळांवर गाठी धरतात आणि जमिनीलाही खत मिळतं. आपण दोघं अंगणात धोतराशी गुंतलेलो. आई म्हणाली, गुळाचं मी बघते. दिवाळी नुकतीच झालेली, हाताला सवय लागलेली. तिने गूळ चुलीवर चढवला आणि चांगला पाक केला, बोटाला चिकटणारा. तो गार केला आणि अर्धं बी त्यात घालून कालवलं. मी आत गेले तेव्हा आई परातीपुढे बसून होती. बी एकमेकांना घट्ट धरून बसलं होतं, राजगिऱ्यासारखं.

"वळू काय आता?" आई म्हणाली, आणि तिला हसावं की रडावं ते कळेना.

तुम्ही दारात आलात, परातीत बोट घातलंत, चाटलंत. "वेलची नाय घातलीस?"

पण ती वेळ हसण्याची नव्हती आणि ते तिघांनाही ठाऊक होतं. त्या आठवड्यात दुसरं बी मिळणार नव्हतं, थंडी सुरू झाली होती, उशीर केला तर संक्रांतीपर्यंत काही दिसलं नसतं. ते लाडू शेवटी म्हशींनीच खाल्ले, अगदी चाटूनपुसून. उरलेल्या अर्ध्या बियांना तुम्ही स्वतः भुकटी लावलीत, पातळ गूळपाण्यात, नुसता हात ओला होईल इतक्या. मग ते सावलीत वाळवलंत आणि चाळलेली कोरडी माती मिसळून मोकळं केलंत. मूळ बेत होता की कुरणात दोनदा फिरायचं, एकदा उभं आणि एकदा आडवं, म्हणजे कुठे राहिलं तर दुसऱ्या खेपेला भरून निघेल. आता बी एकाच खेपेपुरतं होतं. चुकायला जागा नव्हती.

पेरणीच्या दिवशी आपण उजाडताच निघालो, कारण ऊन चढलं की समुद्रावरून वारा सुटतो आणि ते बारीक बी पार बांधापलीकडे नेऊन टाकतो. आईने मला तिचं जुनं लुगडं काष्टा मारून नेसवलं. कुरणात गवत कापलेलं, खुंट दवाने ओले. तुम्ही आदल्या दिवशीच चिंध्या बांधलेल्या काठ्या रोवून पट्टे आखून ठेवले होते. तुम्ही बांधावर चपला काढल्यात. मी पण काढल्या. पट्टा माझ्या गळ्यात घालताना तुम्ही दोनदा ओढून बघितलात, आणि म्हणालात, "घाई नाय करायची. मी टाकीन ते पाऊल, तुझा फेरा."

आणि आपण चालतोय. तुमची पाठ माझ्यापुढे, एक खांदा उतरलेला. एक पाऊल, एक फेरा. ताटलीचा घर्र घर्र आवाज, आणि दोन्ही बाजूंना बी उडतंय, उन्हाची पहिली तिरीप त्याच्यावर पडली की पिवळा धूर असल्यासारखं दिसतंय. माझा दंड भरून आलाय, तोंडात माती जातेय आणि मला गावंसं वाटतंय. काठी आली की तुम्ही वळता, मी वळते. बांधापलीकडून हाक येते, "आइसक्रीमचा पॉट फिरवताय काय? झालं की मला पन द्या रे!" तुम्ही मान न वळवता ओरडता, "व्हय व्हय, वाटी घेऊन ये!" वारा सुटायच्या आत शेवटचा पट्टा झाला. पिशवीच्या तळाशी ओंजळभर बी उरलं होतं. ते मी एका डब्यात काढून ठेवलं.

त्या संध्याकाळी इंजिन लावून तुम्ही बावखलाचं पाणी पाटात सोडलंत. पाचव्या दिवशी मला पहिला कोंब दिसला. मी शाळेत जायच्या आधी रोज धावत कुरणात जायचे. आठव्या दिवशी खुंटांच्या मधून हिरवी साय धरली होती, आणि दहाव्या दिवशी मला ते दिसलं. अगदी मधोमध, दोन पट्ट्यांच्या मध्ये, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातभर रुंदीची जागा कोरी. वळताना मी काठीपासून लांब वळले असणार. बाकी सगळं हिरवं आणि मधे ती भांगासारखी पांढरट माती. काका येतील आणि त्यांना तेच दिसेल, दुसरं काही दिसणार नाही, याची मला खात्री होती.

तुम्ही त्या दोन दिवसांत वाडीतली विड्याची पानं विकायला बाजाराला गेला होता. मी ओंजळभर बियांचा डबा घेतला, त्यात चाळलेली माती मिसळली आणि सकाळीच कुरणात गेले. चक्रीत घालायला ते फार थोडं होतं. मी चपला काढल्या, मूठ भरली, आणि इतकी वर्षं बांधावरून बघितलं होतं तसा कमरेपासून हात सोडला. पहिली मूठ पचकन एका जागी पडली. दुसरी पायावर. तिसरी जरा उघडली. चौथ्या मुठीला बोटांतून बी सुटताना जे वाटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या पट्ट्याच्या शेवटापर्यंत मी पोचले तेव्हा बोटांना सोडायचं केव्हा आणि धरायचं केव्हा ते कळू लागलं होतं, आणि बी संपलं होतं. डब्याने पाटातलं पाणी शिंपडून मी घरी आले आणि आईला म्हटलं, शाळेला उशीर झालाय.

संक्रांतीला मोठे काका आले. बरसीम घोट्याच्या वर आलं होतं, आणि वाऱ्याने सगळं कुरण एकदम एका अंगावर वळायचं. बांधापलीकडचे काका आधीच येऊन बसले होते. बरसीमला ते 'तिपानी' म्हणत आणि त्यांनी तेवढ्यात दोनदा मूठभर उपटून आपल्या बैलाला चारलं होतं. मोठे काका बांधावरून शेवटपर्यंत चालत गेले. मधे थांबले. छत्रीचं टोक टेकवून म्हणाले, "हा पट्टा फिका का रे?"

 तुम्ही पुढे गेलात, वाकलात, दोन रोपं बाजूला करून मातीत बघितलंत. एका जागी दाट पुंजका उगवला होता, त्यावर बोट टेकवलंत.

"तिथं पानी उशिरा पोचलं," तुम्ही म्हणालात.

काकांनी मान हलवली. आणखी एकदा सगळीकडे बघितलं. मग म्हणाले, "भट्टीवाल्याला सांगतो, नाय म्हनून. तिळगूळ आनलाय का कोनी?"

बाबा, मी नाचायची बाकी होते. परत येताना काका पुढे गेले आणि तुम्ही माझ्याबरोबर मागे राहिलात. बांध चढताना तुम्ही सहज म्हणालात, "मूठ जरा सैल सोडायची."

"कुणाची मूठ?" मी म्हटलं.

"कुनाची का असंना," तुम्ही म्हणालात आणि चालू लागलात.

मी तुमच्या मागे चालत राहिले. कबूल केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आणि पुढे चौदा-पंधरा वर्षं वेळ होता तेव्हाही नाही. दर हिवाळ्यात आपण बरसीम टाकलं, मी चक्री फिरवायला माहेरी आले, लग्नानंतरसुद्धा, पहिल्या मुलाच्या वेळचे दिवस गेलेले असतानासुद्धा, आणि तुम्ही दर वर्षी पुढे चाललात. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा तुम्ही विहिरीकडची चांगली वाडी काकांना देऊन हे खारट कुरण मागून घेतलंत. आणि तुम्ही गेल्यावर कळलं की ते माझ्या नावावर केलंय. सातबारा हातात घेऊन मी तलाठ्याच्या कचेरीत उभी होते. काका त्यावर वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं होतं की ते कष्टाचं बक्षीस आहे. आज चक्री फिरवताना वाटलं, तुम्ही त्या पट्ट्यात वाकून बघितलंत तेव्हाच ते ठरलं असेल.

तर ती मूठ माझी होती. आता तुम्हाला सांगितलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे माझ्यामागच्या वस्तूंचं वाटपही इथेच लिहून ठेवते. हे पत्र लिहितेय ती वही भाचीच्या हाती लागेल तेव्हा लागेल. चक्री तिला. पिशवी नवी शिवून घ्यावी, जाड मांजरपाटाची, बाकी काही बदलू नये. यंत्रांची चित्रं काढलेली माझी शाळेची वही कॉन्व्हेंटला द्यावी, तिथल्या प्रयोगशाळेत कुणीतरी ती चाळेल. तुमचा विळा बांधापलीकडच्या काकांच्या नातवाला, तो अजून शेत करतो आणि आजोबांसारखाच टोमणे मारतो. आईची परात माझ्या धाकट्या सुनेला, लाडवांची गोष्ट सांगून मग द्यावी. कुरण भाचीला, सगळंच्या सगळं. कागद करायला मी सोमवारी जाणार आहे. नायगावकडे आता उंच इमारती झाल्यात, त्यांची सावली दुपारनंतर कुरणाच्या एका कडेवर येते, तिथे बी जरा दाट टाकावं.

फक्त मधला एक पट्टा या हिवाळ्यात तिने पेरायचा नाही. तो मी पेरणार आहे, हाताने, आणि तो फिका आला तर पाणी उशिरा पोचलं म्हणून सांगणार आहे.